अपाक : सातबाऱ्यावरचं पोरकं मूल

एखाद्या घरातले आई-वडील गेले, की मागे राहिलेल्या मुलांविषयी गावात पहिला प्रश्न येतो तो हा : "आता पोरं कुणाकडं राहणार?" दिवसकार्य उरकेपर्यंत त्याचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. आजी म्हणते, माझ्याकडं राहू द्या. चुलता म्हणतो, आमच्यातच वाढतील. मामा धाकटीला घेऊन जातो. कुठे कागद होत नाही, कुणी सही करत नाही. काही महिन्यांनी तलाठ्याकडे वारसाची नोंद लागते आणि सातबाऱ्यावर मुलाच्या नावाबरोबर तीन अक्षरं येतात : अपाक. अज्ञान पालनकर्ता. म्हणजे जमिनीचा वारस अज्ञान आहे आणि पुढे ज्याचं नाव लिहिलं आहे तो त्याचा पालनकर्ता.

या तीन अक्षरांनी मला बरीच वर्षं पकडून ठेवलं आहे. मी वकील नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. उमरगा-लोहारा भागात लोकांचे अर्ज लिहून देण्याचं काम करता करता कायद्याची पुस्तकं वाचायला लागलो, आणि अर्जातला नात्याचा रकाना भरताना पडलेले प्रश्न त्या पुस्तकांत शोधत गेलो. मुलाचा चुलता 'पालक' या रकान्यात नाव लिहा म्हणतो तेव्हा तो नेमका कोण असतो? मुलाला सांभाळणारा, मुलाचा ताबा असलेला, की मुलाच्या वतीनं सही करण्याचा अधिकार असलेला?

बोलण्यात आपण हे तिन्ही एकच समजतो. कायद्यात ते तीन वेगळे आहेत. सांभाळ म्हणजे खाऊ घालणं, शाळेत घालणं, ताप आला तर रात्र जागणं. ताबा म्हणजे मूल कुणाच्या घरात राहील हे ठरवण्याचा हक्क. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीनं व्यवहार करण्याचा अधिकार, आणि त्यात त्याच्या जमिनीचा व्यवहारही आला. आपल्या जिल्ह्याचा गेल्या काही दशकांचा अनुभव या तीन शब्दांच्या आधारानं पाहिला, तर पोरक्या मुलांचं नुकसान कुठे होतं ते बरंच स्पष्ट दिसतं. या लेखात तेवढंच मांडायचं आहे.

दत्तक, आश्रम आणि 'योग्य व्यक्ती'

जुन्या हिंदू रिवाजात परक्याचं मूल घरात येण्याची मान्य वाट म्हणजे दत्तक. पण दत्तकाचा विचार मुलाच्या गरजेतून निघालेला नव्हता. वंश चालावा, पिंडदान व्हावं, वतन-इस्टेट घरात राहावी, ही घराची गरज त्यामागे होती. त्यामुळे दत्तक जायचा तो बहुधा भाऊबंदांतला मुलगा. मुलगी, परजातीचं मूल, टाकलेलं मूल यांना त्या रिवाजात जागा नव्हती.

एकोणिसाव्या शतकात या चौकटीला पहिला मोठा धक्का पुण्यात बसला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं, आणि १८७४ मध्ये एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तोच पुढे डॉ. यशवंत फुले म्हणून ओळखला गेला. आपल्याला जवळचं उदाहरण पंढरपूरचं. तिथे १८७५ मध्ये न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं आणि प्रार्थना समाजाच्या आधारानं टाकलेल्या मुलांसाठी आश्रम उभा राहिला. आजही तो नवरंगे बालकाश्रम या नावानं लोकांना माहीत आहे. धाराशिवहून पंढरपूर काही फार लांब नाही, पण तेव्हा मध्ये सरहद्द होती. पंढरपूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि आपला मुलूख निजामाच्या राज्यात.

कायद्यालाही ती सरहद्द होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९० मध्ये पालक आणि पाल्य अधिनियम आला. मुलाचा पालक नेमण्याचा अधिकार त्यानं जिल्हा न्यायालयाला दिला. पालक नेमताना काय पाहावं तेही सतराव्या कलमात सांगितलं : मुलाचं वय, लिंग, धर्म, पालक होऊ इच्छिणाऱ्याचं चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, मृत आई-वडिलांची इच्छा, आणि त्या माणसाचा मुलाशी किंवा मुलाच्या मालमत्तेशी आधी आलेला संबंध. मूल कळत्या वयाचं असेल तर त्याची स्वतःची पसंतीही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या यादीत 'मालमत्तेशी आलेला संबंध' हे शब्द आहेत, ही गोष्ट इथे लक्षात ठेवायची. हा कायदा आपल्या भागात आला तो हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५१ मध्ये भाग 'ब' राज्यांसाठी केलेल्या कायद्यानं. म्हणजे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यानंतर साठ वर्षांनी.

मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये मुलांसाठीचा कायदा झाला. त्याच्या मागे इंग्लंडचा १९०८ चा कायदा होता आणि त्यातली एक कल्पना इकडे आली : निराधार मूल 'नातेवाईक किंवा अन्य योग्य व्यक्ती' हिच्या हवाली करता येईल. आज ज्याला आपण प्रतिपालक कुटुंब म्हणतो त्याचं कायद्यातलं बीज हे. दत्तक नाही, वारसा नाही, नाव बदलणं नाही. मूल सांभाळायचं, तेही न्यायालयाच्या नजरेखाली. देशभरासाठी १९८६ मध्ये झालेल्या बाल न्याय कायद्यातही ही 'योग्य व्यक्ती' होती. पण कायद्याच्या पुस्तकातून ती गावात क्वचितच उतरली. प्रत्यक्षात पोरक्या मुलासमोर दोनच दारं राहिली : एक भाऊबंदांचं, दुसरं आश्रमाचं.

३० सप्टेंबर १९९३

या दोन दारांची खरी परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, अशी आपली घरं. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार असणारी ती घरं माणसांवर कोसळली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी सगळ्यांना ठाऊक झालं, पण तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली सास्तूर, होळी, पेठसांगवी, राजेगाव ही गावंही त्यात होती. दोन्ही जिल्हे मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली.

भूकंप पहाटे झाला, त्यामुळे माणसं शेतात-बाजारात विखुरलेली नव्हती, एका छपराखाली होती. रोगराईत किंवा अपघातात घरातलं एखादं माणूस जातं. इथे एका घरातले आई, बाप, आजी, आजोबा एकाच वेळी गेले. ज्या नातेवाईकांनी मूल सांभाळायचं तेच नातेवाईक त्याच ढिगाऱ्याखाली होते. भाऊबंदांचं दार अनेक मुलांसाठी उरलंच नाही, आणि जिथे उरलं तिथे त्या दारातल्या माणसांनीही आपली माणसं गमावली होती.

मग दुसरं दार उघडलं, आणि ते मोठ्या मनानं उघडलं गेलं याबद्दल दुमत असू नये. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथा यांनी भूकंपग्रस्त भागातली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. त्यांच्यासाठी पुढे वाघोलीला मोठं शैक्षणिक संकुल उभं राहिलं. आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आपलं घर' उभारलं. भूकंपात पोरक्या झालेल्या मुलांसाठी सुरू झालेलं ते घर पुढे इतर निराधार मुलांचंही झालं. या दोन्ही ठिकाणांहून शिकून मुलं आपापल्या पायावर उभी राहिली.

या दोन प्रयत्नांत फरकही होता. पुण्याला गेलेल्या मुलाला मोठ्या शहराची शाळा मिळाली, पण गाव तीनशेहून अधिक किलोमीटर मागे राहिलं. नळदुर्गला राहिलेल्या मुलाला गावाकडची एसटी मिळत होती. सणाला आत्या भेटायला येऊ शकत होती. दोन्हीकडे सांभाळ होता. पण मूल तिकडे शिकत असताना गावात त्याच्या नावाची जमीन, सरकारी मदत आणि नव्या गावठाणातलं घर यांचं काय चाललं आहे, हे पाहणं कुठल्याही आश्रमाचं काम नव्हतं. आणि नव्या गावात घर किती मोठं मिळणार हे जमीन किती यावरून ठरत होतं. म्हणजे मुलाच्या वाट्याच्या जमिनीवर आता केवळ पीक नव्हे, घराचं क्षेत्रफळही अवलंबून होतं.

अकरावं कलम आणि बारावं कलम

इथे कायद्याकडे थोडं बारकाईनं पाहावं लागेल. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम १९५६ चा आहे. त्यातल्या सहाव्या कलमाप्रमाणे मुलाचे नैसर्गिक पालक म्हणजे वडील आणि आई. विवाहित मुलीच्या बाबतीत नवरा. चुलता, मामा, आजोबा त्यात नाहीत. ते मुलाला वाढवतात तेव्हा कायद्याच्या भाषेत ते 'वस्तुतः पालक' असतात. आणि अकरावं कलम सांगतं, की केवळ वस्तुतः पालक आहे एवढ्या कारणावरून कुणालाही अज्ञान मुलाच्या मालमत्तेची विल्हेवाट लावता येणार नाही किंवा तिचा व्यवहार करता येणार नाही.

मुस्लिम कायद्यातही याच वळणाचा नियम आहे, आणि तो जुना आहे. तिथे मुलाचा सांभाळ, म्हणजे हिजानत, आणि त्याच्या मालमत्तेचं पालकत्व या मुळातच वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. न्यायालयानं नेमलेलं नसेल तर चुलता किंवा भाऊ मुलाची जमीन विकू शकत नाही, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९१८ मध्ये इमामबांदीच्या खटल्यात पक्कं केलं होतं.

हे वाचून वाटतं, की मुलाला संरक्षण आहे. पण हिंदू कायद्यात पुढचंच बारावं कलम आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलाचा अविभक्त हिस्सा असेल आणि ती मालमत्ता घरातल्या सज्ञान माणसाच्या व्यवस्थेखाली असेल, तर त्या हिश्श्यासाठी पालक नेमला जाणार नाही. उच्च न्यायालयाचा अधिकार तेवढा राखून ठेवला आहे.

एक काल्पनिक घर घेऊ. दोन भाऊ, बारा एकर जमीन, वाटणी झालेली नाही. थोरला आणि त्याची बायको भूकंपात गेली. मागे नऊ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. धाकट्या भावानं दोघांना आपल्याकडे ठेवलं. मनानं तो चांगला आहे असंच धरू. आता तो एकाच वेळी दोन माणसं आहे. मुलांना वाढवणारा म्हणून अकराव्या कलमानं त्याचे हात बांधलेले आहेत. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून त्याच जमिनीचा कारभार त्याच्याकडे आहे. कुटुंबाच्या गरजेसाठी तो ती गहाण टाकू शकतो, विकूही शकतो. गरज खरी होती की नाही हे पुढे कधीतरी कोर्टात ठरणार. सातबाऱ्यावर त्याचं नाव दोन ठिकाणी दिसेल : एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून, ज्याला आपण 'एकुमॅ' म्हणतो, आणि मुलांचा 'अपाक' म्हणून. महसुली नोंदीनं मालकी ठरत नाही आणि पालकत्वही ठरत नाही, हे कायद्याचं जुनं तत्त्व आहे. पण बँकेत, सोसायटीत, दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर लोक त्या नोंदीलाच पालकत्वाचं प्रमाणपत्र समजतात.

मुलीच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. वडिलांच्या हिश्श्यात मुलगी वारस आहे हे १९५६ च्या वारसा कायद्यानंच मान्य केलं होतं. भूकंपानंतर नऊ महिन्यांनी, २२ जून १९९४ ला, महाराष्ट्रात एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती लागू झाली. कागदावर पोरक्या मुलीचं पारडं जड झालं ते नेमकं त्या वर्षात. पण तिचं लग्न कोण लावणार, खर्च कोण करणार, आणि त्या बदल्यात हक्कसोड कधी लिहून घेणार, हे ज्या घरात ठरतं तिथे ही दुरुस्ती फार हळू पोहोचते.

चुलत्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्यासाठी मी हे लिहिलेलं नाही. स्वतःच्या तीन पोरांत भावाची दोन मिसळून पाचांना एकाच ताटाला बसवणाऱ्या काकू मी पाहिल्या आहेत, आणि पुतणीच्या लग्नासाठी स्वतःचा बैल विकणारे चुलतेही. त्यांच्या बाजूनं पाहिलं तरी प्रश्न तोच राहतो. प्रामाणिक चुलत्याकडेही आपला प्रामाणिकपणा दाखवायला कागद नसतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला, मित्रांनी कान भरले, 'तुझी जमीन खाल्ली' असं कुणी म्हणालं, की पंधरा वर्षांचा सांभाळ एका दिवसात मातीत जातो. हिशेब लिहिलेला नसतो, म्हणून दोघांनाही काही सिद्ध करता येत नाही.

१८९० च्या कायद्यात यावर उपाय होता. न्यायालयानं नेमलेल्या पालकाकडून न्यायालय जामीन घेऊ शकतं, सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी मागू शकतं, वेळोवेळी हिशेब मागू शकतं. आणि त्याला परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. पण त्यासाठी कुणीतरी जिल्हा न्यायालयात जायला हवं. गावातल्या चुलत्याला त्याची गरज वाटत नाही, कारण मूल त्याच्याच घरात आहे. मुलाला ते ठाऊक नसतं. तिसरं कुणी जात नाही. त्यातही १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत एक विचित्र नियम होता : न्यायालयानं पालक नेमला असेल तर मूल अठराव्या नव्हे, एकविसाव्या वर्षी सज्ञान व्हायचं. म्हणजे किल्लारीच्या वेळी रीतसर मार्गानं जाणाऱ्या मुलाला स्वतःच्या जमिनीसाठी तीन वर्षं जास्त थांबायचं होतं.

इटलीत हे कसं करतात

या प्रश्नावर इतर देशांनी काय केलं ते शोधताना इटलीचा कायदा माझ्या वाचनात आला. इटली निवडण्याचं कारण साधं आहे. तोही नातेवाइकांचा देश आहे. आजी-आजोबा, काका, मावशी यांनी मूल सांभाळणं तिथे आपल्याइतकंच नेहमीचं.

तिथला मूळ कायदा ४ मे १९८३ चा, क्रमांक १८४. मुलाचा कुटुंबात वाढण्याचा हक्क हा त्याचा पाया. आई-बाप काही काळ मूल सांभाळू शकत नसतील तर त्याला दुसऱ्या कुटुंबात ठेवायचं. याला ते 'आफ्फिदामेंतो' म्हणतात. शब्दाचा अर्थ विश्वासानं सोपवणं. आई-बापांची किंवा पालकाची संमती असेल तर स्थानिक समाजसेवा विभाग व्यवस्था करतो आणि पालकत्व पाहणारा न्यायाधीश तिला मान्यता देतो. संमती नसेल तर बाल न्यायालय ठरवतं. मुदत जास्तीत जास्त चोवीस महिन्यांची. ती वाढवायची तर बाल न्यायालयाकडे जावं लागतं. २००१ च्या दुरुस्तीनं जुन्या पद्धतीचे मोठे अनाथाश्रम २००६ अखेर बंद करायचं ठरलं. २०१५ मध्ये आणखी एक कायदा झाला : मूल ज्या कुटुंबात राहून रुळलं, त्या कुटुंबाशी जुळलेली माया मूल दुसरीकडे गेलं तरी तोडायची नाही.

नातेवाइकांचं काय? तिथे चौथ्या पिढीदरजापर्यंतच्या नातेवाइकानं मूल घरात ठेवलं तर सरकारला कळवायची गरज नाही. मोजायची रीत अशी : मुलापासून समाईक पूर्वजापर्यंत वर जायचं आणि तिथून खाली उतरायचं. आजी दुसऱ्या दरजाची, चुलता-मामा-आत्या-मावशी तिसऱ्या, चुलत-मामे-आते-मावस भावंडं चौथ्या. त्यापलीकडच्या माणसानं सहा महिन्यांहून जास्त काळ मूल कायम घरात ठेवलं, तर त्यानं बाल न्यायालयाच्या सरकारी वकिलाला कळवलंच पाहिजे. म्हणजे काका-मामांवर तिथला कायदाही विश्वास ठेवतो.

पण तो विश्वास सांभाळापुरता आहे. आई-वडील दोघंही नसतील तर मुलाला पालक नेमावाच लागतो, आणि ते काम न्यायाधीशाचं असतं, कुणी अर्ज करण्याची वाट पाहायची नसते. नेमलेल्या पालकानं दहा दिवसांत मुलाच्या मालमत्तेची मोजदाद सुरू करायची, आणखी मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत पुरी करायची, आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. शिवाय १९४२ च्या त्यांच्या नागरी संहितेत आणखी एक माणूस आहे : दुसरा पालक. पालकाचं हित आणि मुलाचं हित आमनेसामने येईल त्या व्यवहारात मुलाच्या बाजूनं हा दुसरा उभा राहतो. आपल्या काल्पनिक घरात वाटणीची वेळ आली असती, तर एका बाजूला चुलता आणि दुसऱ्या बाजूला मुलांच्या वतीनंही तोच चुलता असं होऊ शकलं नसतं.

तिकडे सगळं आलबेल आहे असं मला म्हणायचं नाही. चोवीस महिन्यांसाठी सोपवलेली मुलं वर्षानुवर्षं तिथेच राहतात, ही तिथलीही जुनी तक्रार आहे. घेण्यासारखी गोष्ट एकच : सांभाळ नात्यातल्या माणसाकडे ठेवूनही मालमत्तेवर तिसऱ्या माणसाची नजर ठेवता येते.

कोयत्याचे सहा महिने

ही कल्पना परकी वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिमेकडे पाहावं. कळंब, वाशी, भूम, परंडा या भागांतून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाची उचल घेतलेली; गाडी भरली, की सहा महिने पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटक. काही मुलं बरोबर जातात आणि त्यांची शाळा बुडते. काही हंगामी वसतिगृहात राहतात. बाकीची आजी-आजोबांकडे किंवा मावशीकडे.

या घरांत सांभाळ एकाकडे आणि पालकत्व दुसऱ्याकडे असतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. आजी पोरांना जेवू घालते, पण जमिनीचा निर्णय मुलगा-सून परतल्यावर होतो. आजीच्या मायेवर त्यामुळे कुणी संशय घेतला असं होत नाही. आई-बाप जिवंत असताना जे आपण सहज मानतो, ते आई-बाप गेल्यावर मानायला जड जातं, एवढाच फरक.

संगोपनाचे पैसे

गेल्या पंचवीस वर्षांत कायदा पुढे आला आहे. २००० च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाला स्वतंत्र कलम मिळालं. २०१५ च्या कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमात ते अधिक स्पष्ट झालं : बालकल्याण समितीच्या आदेशानं मूल योग्य कुटुंबात ठेवायचं, भावंडं शक्यतो एकत्र ठेवायची, कुटुंबाला दरमहा मदत द्यायची आणि समितीनं दर महिन्याला पाहणी करायची.

महाराष्ट्रात यासाठी बाल संगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. दरमहा मिळणारी रक्कम ४२५ रुपयांवरून ११०० आणि २०२३ मध्ये २२५० रुपये झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून ४००० रुपयांची तरतूद आहे. योजनेची मूळ कल्पना मूल आश्रमाऐवजी कुटुंबात वाढावं ही. माझ्या हातून जे अर्ज गेले ते जवळपास सगळे विधवा आईचे, आजीचे, चुलत्याचे, मामाचे. परक्या कुटुंबानं पोरकं मूल मागितलं आहे असा अर्ज लिहिल्याचं मला आठवत नाही. 'योग्य व्यक्ती'चं तिसरं दार शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे जेमतेम किलकिलं आहे.

अर्थात नातेवाइकाला मदत देण्यात गैर काही नाही. आजीच्या निराधार पगारात दोन नातवंडं वाढत नाहीत. पण या अर्जाबरोबरचे कागद पाहिले, की एक गोष्ट खटकते. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, मुलाबरोबर घरासमोर काढलेला फोटो. मुलाच्या नावावर काय आहे हे कुणी विचारत नाही. महसूल खात्याला मूल अज्ञान असल्याचं ठाऊक आहे, बालविकास खात्याला ते पोरकं असल्याचं ठाऊक आहे, आणि दोन्ही कागद एकमेकांना भेटत नाहीत.

रोख पैशांच्या बाबतीत मात्र सरकारनं वेगळा रस्ता धरला. कोरोनात आई-वडील दोघंही गेलेल्या मुलांसाठी राज्यानं २०२१ मध्ये पाच लाखांची मुदत ठेव दिली, आणि केंद्राच्या योजनेत वयाच्या तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळतील अशी तरतूद झाली. हे पैसे सांभाळणाऱ्याच्या खात्यावर गेले नाहीत. केंद्राच्या योजनेत मुलाबरोबर खात्यावर जिल्हाधिकारी आहेत. सांभाळ आजीकडे, ठेवीवर नजर अधिकाऱ्याची. याचा कुठल्या आजीला अपमान वाटल्याचं मी ऐकलं नाही. मग जे रोख पैशाला चाललं ते जमिनीला का चालू नये?

तीन अक्षरांपुढे

फार मोठ्या नव्या कायद्याची यासाठी गरज नाही. अपाक नोंद झाली आणि मुलाचे आई-वडील दोघंही नसतील, तर तलाठ्यानं त्या फेरफाराची प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पाठवावी. संगोपन योजनेच्या गृहभेटीत मुलाच्या नावचा सातबारा आणि आठ-अ पाहिला जावा आणि वर्षातून एकदा त्या जमिनीचं पीक, कर्ज, बोजा यांची चार ओळींची नोंद व्हावी. ग्रामपातळीवर बाल संरक्षण समित्या कागदावर आहेतच. हे काम त्यांचं. वाटणी, गहाण किंवा विक्री निघाली, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणानं मुलासाठी वेगळा वकील द्यावा. १९८७ च्या कायद्यानं मुलांना मोफत कायदेविषयक मदतीचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. हा वकील म्हणजे आपल्याकडचा 'दुसरा पालक' होऊ शकतो.

यातून चुलत्याचं काही जात नाही. उलट वर्षाच्या त्या चार ओळी त्याच्या बाजूनंही बोलतील. विहिरीसाठी कर्ज काढलं, पाणी लागलं नाही, दोन वर्षं दुष्काळ पडला, हे पंधरा वर्षांनी तोंडी सांगितलं तर पटत नाही. त्या त्या वर्षी लिहिलेलं पटतं.

मूल अठरा वर्षांचं झालं, की जन्मतारखेचा पुरावा घेऊन तलाठ्याकडे जातं. 'अपाक शेरा कमी करणे' या नावाचा अर्ज असतो; आता तो संगणकावरही करता येतो. फेरफार होतो आणि ती तीन अक्षरं पुसली जातात. आज त्या दिवशी मुलाच्या हातात कोरा सातबारा पडतो, आणि त्याच्या आधीच्या वर्षांत त्या जमिनीचं काय झालं याचा एकही कागद नसतो. आई-वडिलांच्या नैसर्गिक पालकत्वात न्यायालयाच्या परवानगीशिवाय झालेल्या विक्रीला आव्हान द्यायलाही सज्ञान झाल्यापासून तीनच वर्षांची मुदत आहे; तीही मुलाला बहुधा ठाऊक नसते. शेरा कमी करताना सातबाऱ्याबरोबर त्या वर्षांचा लिखित हिशेब देण्याची सक्ती झाली, तर किल्लारीनंतर ज्या मुलांना तो मिळाला नाही त्यांच्या पुढच्या पिढीतल्या पोरक्यांना तरी तो मिळेल.